सालबाई आणि बांधावरची नासपती

तिला सालबाई हे नाव पडलं ते एका फोनमुळे. वनस्पतिरोगांच्या प्रयोगशाळेत ती नुकती कुठे तंत्रज्ञ म्हणून लागली होती, आणि कुणा बागायतदाराला तिचं खरं नाव काही केल्या आठवेना. त्याने आपलं सरळ विचारलं, "ती झाडांची साल काढणारी बाई आहे का हो?" फोन उचलणाऱ्या शिपायाने अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी हाक दिली, "सालबाई, फोन!" झालं. तेव्हापासून वरिष्ठांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांची ती सालबाई. तिच्या नवऱ्याला तर हे नाव इतकं आवडलं की विचारू नका. त्याचं बाजारपेठेत केस कापायचं दुकान होतं, आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मानेला फडकं गुंडाळता गुंडाळता तो सांगायचा, "आमची ही दिवसभर झाडांची सालं काढते आणि संध्याकाळी माझी सालटी."

हे दुसरं काही खरं नव्हतं. सालबाई मुळात भांडखोर नव्हती. ठेंगणी, गोलसर, चष्मा कायम डोक्यावर आणि तो शोधत हात कायम टेबलावर, अशी ती बाई. फक्त कामात कुणी घाई केली की तिचा आवाज चढायचा. कारण तिचं कामच असं होतं की घाई केली की सगळं ओम फस्.

ती सफरचंदाच्या झाडांतले व्हायरॉइड शोधायची. विषाणू म्हणजे काय हे लोकांना साधारण ठाऊक असतं. पण व्हायरॉइड म्हटलं की समोरचा माणूस हमखास "म्हणजे व्हायरसच ना?" असं विचारायचा, आणि सालबाईचं उत्तर ठरलेलं असायचं. "व्हायरसच्या अंगावर निदान प्रथिनाचा कोट तरी असतो. हा गडी अगदी उघडाबंब. आरएनएच्या दोऱ्याचं एवढंसं वेटोळं, बास. ना कोट, ना टोपी. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलात तरी दिसायचा नाही."

शिवाय हा गडी लबाड. झाडात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून राहील, पण पानं हिरवीगार, फांद्या टणटणीत. फळ पिकायला लागलं की मग त्याच्या सालीवर फिकट ठिपके, कुठे खरबरीत खपल्या. आत गर चांगला असतो, खाणाऱ्याला काही होत नाही, पण असलं फळ बाजारात कोण हातात घेणार? आणि औषध तर नाहीच. एकदा झाडात शिरला की झाड उपटेपर्यंत सोबत.

सालबाई कामाला लागली तेव्हा त्याला ओळखायची रीतही मोठी मजेशीर होती. संशयित झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, काढायचा, लवकर रोग दाखवणाऱ्या नाजूक जातीच्या कलमावर बांधायचा आणि फळ धरेपर्यंत वाट पाहायची. दोन-तीन वर्षं सहज जायची. तोवर बागायतदार निम्मी बाग नव्याने लावून मोकळा. पुढे यंत्रं आली. आता सालीच्या आतला हिरवा पापुद्रा पात्याने खरवडायचा, कुटायचा, त्यातून आरएनए वेगळा करायचा, यंत्रात घालून त्याच्या असंख्य नकला करायच्या आणि जेलीच्या पातळ वडीतून वीज सोडून त्या पळवायच्या. व्हायरॉइड असेल तर जांभळ्या दिव्याखाली ठरल्या जागी चमकती रेघ उमटते. ऐकायला सोपं. पण सफरचंदाची साल कुटली की तिचा रस कापलेल्या फोडीसारखा तपकिरी पडतो, आणि त्या रसाने पुढचं सगळं नासतं. तो रस नीट धुऊन काढण्यात सालबाईचा हातखंडा होता. तरीही तिने रेघ दिसल्याबरोबर कधी कुणाला काही सांगितलं नाही. प्रत्येक वडीत एक रकाना नक्की आजारी झाडाचा आणि एक नुसत्या पाण्याचा ठेवायचा, आणि ते दोन्ही शहाण्यासारखे वागले तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा, ही प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाईंची शिस्त होती, आणि सालबाईच्या ती आता अंगात मुरली होती.

तर एके दिवशी सकाळी ती कामावर आली तेव्हा व्हरांड्यातल्या लांब बाकावर दोन माणसं बसलेली. एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोघांच्या मांडीवर एकेक पिशवी, आणि दोघांचे चेहरे विरुद्ध भिंतींकडे. मध्ये एवढी जागा की कुणी आडवं झोपलं असतं.

"तुमचा नंबर पहिला की यांचा?" सालबाईने विचारलं.

"यांना मी ओळखत नाही," उंच, वाळकुडा होता तो म्हणाला.

"मी याचा सख्खा धाकटा भाऊ," दुसरा, गुबगुबीत होता तो हसून म्हणाला.

दोन्ही पिशव्यांतून सफरचंदं निघाली, आणि दोन्हींवर एकसारखे ठिपके. हळूहळू प्रकरण उलगडलं. वडिलांची एकच बाग, मधोमध बांध घालून वाटून घेतलेली. पाच-सहा वर्षांपूर्वी धाकट्याने आपल्या बाजूला, अगदी टोकाला, नव्या जातीची रोपं लावली. त्यानंतर थोरल्याच्या झाडांवर डागाळ फळं दिसायला लागली. थोरल्याने हिशेब मांडला: रोपं आली, रोग आला. धाकटा म्हणाला, डाग माझ्याही झाडांवर आहेत, मी काय स्वतःच्या घराला आग लावीन? त्यावरून बोलणं बंद झालं. फवारणीचा पंप, शिडी, हातगाडी या सामाईक वस्तू ज्याच्या दारात होत्या त्याच्याच दारात अडकून पडल्या.

"मला फक्त लिहून द्या," थोरला साक्षीला उभा असल्यासारखा म्हणाला, "की रोग याच्या रोपांतून आला."

"झाडं काय म्हणतात ते आधी ऐकू," सालबाई म्हणाली. "तुमचं दोघांचं नंतर."

दुसऱ्या दिवशी ती पिशव्या, पाती आणि स्पिरिटची बाटली घेऊन बागेत गेली. दोघे भाऊ बांधाच्या दोन बाजूंनी तिच्याबरोबर चालत होते. व्हायरॉइड झाडभर सारखा पसरलेला नसतो, म्हणून ती प्रत्येक झाडाच्या चारी बाजूंनी काड्या घेत होती, आणि दर झाडागणिक पातं बदलत होती.

"किती पाती वाया घालवता!" थोरला म्हणाला.

"एकाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून," ती म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडे वळली. या बोलण्याकडे त्या वेळी कुणीच लक्ष दिलं नाही, तिने स्वतःसुद्धा.

प्रयोगशाळेत तिने सगळे नमुने मोठ्या हौसेने चढवले. संध्याकाळी जांभळा दिवा लावला. थोरल्याच्या झाडांत रेघ. धाकट्याच्या झाडांत रेघ. नव्या रोपांत रेघ. आणि शेवटच्या रकान्यात, जिथे नुसतं पाणी होतं, तिथेही झकास, ठसठशीत रेघ.

तिने डॉक्टरबाईंना बोलावलं. डॉक्टरबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"पाणी आजारी पडलंय," त्या म्हणाल्या.

"माझ्याच हातून कुठेतरी मिसळलं, मॅडम."

"कुणाच्या का हातून असेना. पाण्याची बाटली फेका, टेबल ब्लीचने पुसा, नळ्या नव्या काढा, आणि पुन्हा अगदी पहिल्यापासून. मात्र आधी घरी जाऊन झोप काढा."

सालबाई घरी गेली खरी, पण जेवताना तिचा घास तोंडात फिरत होता. इतकी वर्षं काम करून पाण्याला आजार चिकटवला म्हणजे काय! नवऱ्याने तिला हसवायचा प्रयत्न केला, जमला नाही, मग त्याने मुकाट्याने भांडी घासली.

सकाळी थोरल्याचा फोन. "निकाल?"

"निकाल नाही. चाचणी बिघडली. नुसत्या पाण्यातसुद्धा रोग दिसला."

मग थोरला गंभीरपणे म्हणाला, "पाणी धाकट्याच्या विहिरीचं असेल."

सालबाईने फोन ठेवला आणि हसत सुटली. इतकी, की डोळ्यांत पाणी आलं आणि कालपासून छातीवर बसलेला दगड उतरला. पदर खोचून ती कामाला भिडली.

दुसऱ्या फेरीत पाणी स्वच्छ निघालं. आजारी झाडाचा रकाना जिथे उजळायचा तिथेच उजळला. आणि मग बाकीचे रकाने पाहून ती खुर्ची ओढून बसलीच. बांधालगतची झाडं दोन्ही बाजूंची आजारी. बांधापासून दूर जावं तसतशी निरोगी. आणि धाकट्याची ती बदनाम नवी रोपं? एकही रेघ नाही. धुतल्या तांदळासारखी.

तिने खात्रीसाठी तिसऱ्यांदा चाचणी केली. उत्तर तेच. म्हणजे रोग रोपांतून आला नव्हता. मग आला कुठून?

ती पुन्हा बागेत गेली ती अशी, डोकं खाजवत. दोघे भाऊ कुठे दूर कामात होते. बांधावर एक भलं मोठं नासपतीचं झाड होतं, फळांनी लगडलेलं, आणि त्याच्या सावलीत खुर्ची टाकून त्या भावांची आई बसली होती. ऐंशीच्या घरातली, हातात काठी, आणि नजर अशी की पान पडलं तरी हिशेब ठेवील. ही आई दुपारी थोरल्याकडे जेवायची, संध्याकाळी धाकट्याकडे, आणि या घरात त्या घराबद्दल चकार शब्द काढायची नाही.

"बस गं," आई म्हणाली. "झाडांना ओरबाडून दमली असशील."

सालबाई तिच्या पायाशी बसली. आईने तिच्या हातात एक नासपती ठेवली. नितळ, रसाळ, एक डाग नाही.

"केवढं सुंदर झाड, आजी!"

"मी लावलंय. हे दोघे पाळण्यात होते तेव्हाचं. एकमेकांची तोंडं बघत नाहीत ना, पण या झाडाला दोघेही जपतात. बागेची वाटणी झाली तेव्हापासून छाटणीचा हंगाम आला की पहिली कात्री माझ्या नासपतीला. आधी आईचं झाड, मग आपलं. हा या बाजूने छाटतो, तो त्या बाजूने. तेवढं मात्र चुकत नाहीत हो."

सालबाईने तोंडाशी नेलेली नासपती खाली घेतली.

"आजी, आणि मग पुढे कुठे जातात? त्याच कात्रीने?"

"पुढे कुठे जाणार? या पहिल्या ओळीत. मग दुसरी, मग तिसरी."

"आणि धाकट्या दादांची टोकाची नवी रोपं?"

"ती अजून लहान आहेत. त्यांना धाकटा वेगळा, नवा छोटा चाकू वापरतो. भारी कौतुक त्यांचं."

सालबाई उठली, चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. नासपतीच्या झाडात हाच व्हायरॉइड राहतो आणि त्या झाडाला काहीएक होत नाही, हे तिला ठाऊक होतं. प्रशिक्षणात शिकवलं होतं, डॉक्टरबाईही अधूनमधून सांगायच्या. पण सफरचंदाच्या बागेत सफरचंदंच बघायची सवय. इतक्या देखण्या झाडाकडे संशयाने कोण बघणार?

"आजी, जरा साल काढू हिची?"

"काढ की. पण हळू. म्हातारी आहे ती."

नासपतीच्या रकान्यात रेघ उमटली. एका बाजूच्या काडीत फिकी, बाकी तिन्हींत लखलखीत. डॉक्टरबाईंनी नासपतीतल्या आणि सफरचंदातल्या व्हायरॉइडची अक्षरमाळ, म्हणजे आरएनएच्या दोऱ्यातल्या घटकांचा क्रम, वाचून घेतली. दोन्ही जवळजवळ एकसारख्या.

"आता सांगायचं कुणी?" सालबाईने विचारलं.

"तुम्हीच सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी सांगितलं तर व्याख्यान होईल. पण जेवढं कळलंय तेवढंच सांगा. वरचं तिखटमीठ नको."

आईच्या ओसरीवर सगळे जमले. थोरला खांबाला टेकून, धाकटा पायरीवर. सालबाईने घसा साफ केला.

"नवी रोपं निर्दोष आहेत," ती म्हणाली. धाकट्याने विजयी मुद्रेने मान वर केली. "थांबा, अजून संपलं नाही. बांधालगतच्या तुमच्या दोघांच्या ओळींत रोग आहे. आणि नासपतीतही आहे. कात्रीला लागून तो तिथून इकडे आला असावा, असं दिसतं. नासपतीत कुठून आला, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित रोप आणलं तेव्हापासूनच असेल."

धाकट्याची वर गेलेली मान खाली आली.

"शक्य नाही," थोरला म्हणाला. "त्या झाडाला काय झालंय? बघा की, कसं आहे ते!"

"काही होत नाही तिला. ती नुसती रोग अंगावर वागवते."

"तुमचं पाणी परत आजारी पडलं असेल."

"नाही पडलं. तीनदा पाहिलं."

"मग चूक कुणाची?" थोरल्याचा आवाज एकदम लहान झाला.

तेवढ्यात आईची काठी फरशीवर आपटली.

"चूकबीक काही नाही. मला साखरेचा आजार आहे, तो दिसतो का कुणाला बाहेरून? ठणठणीतच दिसते ना मी? तसंच तिचं. हे बघ पोरी, मला एवढंच सांग, ती उभी राहिली तर बाकीच्यांना धोका आहे का?"

"आहे, आजी. आजारी ओळीही काढाव्या लागतील. दोघांच्याही."

"मग पाडा," आई म्हणाली. "फळं उतरवून घ्या आधी. ती खाल्ली तर चालतात ना?"

"खुशाल खा. माणसाला काही होत नाही."

धाकटा ढसाढसा रडला. थोरला रडला नाही. तो तडक उठून बागेत गेला आणि अंधारून येईपर्यंत परतलाच नाही. झाड पाडायला दोघांपैकी एकाचाही हात धजेना, म्हणून शेवटी बाहेरून लाकूडतोडे बोलवावे लागले. आई खुर्ची टाकून देखरेखीला बसली. करवत कुठे लावायची ते तिने सांगितलं, एका ओंडक्याचं पाय टेकायला स्टूल करून घेतलं, आणि सालबाईच्या घरी पिशवीभर नासपती पाठवली. करवत चालू असताना तिने एकदाच पदराने नाक पुसलं, आणि कुणी बघितलंय असं वाटताच भुसा उडतोय म्हणून लाकूडतोड्यांवर खेकसली.

झाड गेलं, आजारी ओळी गेल्या, पण सालबाईची खरी डोकेदुखी पुढेच होती. उरलेली बाग वाचवायची तर दर झाडागणिक कात्री ब्लीचच्या पाण्यात बुडवायला हवी. धाकटा हो म्हणून विसरायचा. थोरला विसरायचा नाही, तो नाहीच म्हणायचा. ब्लीचने कात्री गंजते. झाडागणिक थांबत बसलो तर छाटणी पुढच्या हंगामापर्यंत चालेल.

हे सगळं तिने घरी वैतागून सांगितलं, तर नवरा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाला, "थांबायचं कशाला? माझ्या दुकानात मी थांबतो का? दोन कात्र्या ठेवायच्या. एक चालते, एक डुंबते. डोकं बदललं की कात्री बदलायची."

"हे तुम्हीच येऊन सांगा त्यांना. माझं ऐकून ऐकून त्यांचे कान किटलेत."

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तो खरोखर आला. आपली पांढरी कोट-टोपी घालून, बादली घेऊन. सालबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गड्याने काय रंग जमवला! एका झाडाला "बसा साहेब" म्हणाला, दोन फांद्या छाटल्या, कात्री बादलीत, दुसरी कात्री हातात, "पुढचं गिऱ्हाईक!" की दुसरं झाड. गंजाचं म्हणाल तर काम संपलं की कात्री धुवायची, पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं. धाकटा पोट धरून हसत होता. थोरला हसला नाही, पण घड्याळ बघत होता, आणि वेळ फारसा वाढत नाही हे त्याने मनातल्या मनात नोंदवलेलं त्याच्या कपाळावर दिसत होतं.

शेवटी तो नवऱ्याजवळ आला. "ते माणसांचे केस कापता, तेही आत्ता जमेल का? माझे फार वाढलेत."

बागेतच, उलट्या टोपलीवर बसून थोरल्याचे केस कापले गेले. नवऱ्याने जाताना सालबाईच्या कानात सांगितलं, "माणूस वाईट नाही. मानेत फार ताण धरतो एवढंच."

दोघा भावांनी एकमेकांची माफी मागितल्याचं काही कुणाच्या ऐकिवात नाही. मात्र एका सकाळी सामाईक शिडी धाकट्याच्या फाटकाला टेकून ठेवलेली सापडली. धाकट्याने ती खालून वर न्याहाळली आणि सालबाईला फोन केला, "एक पायरी मोडलेली आहे. ती मीच मोडली म्हणेल आता, बघा तुम्ही." आवाजात मात्र आनंद मावत नव्हता. दोन दिवसांनी पायरी बसवून शिडी परत गेली, आणि त्यानंतर ती बांधावरून इकडून तिकडे फिरतच राहिली.

पुढच्या हंगामात फळं बऱ्यापैकी नितळ आली. दोन झाडांवर पुन्हा ठिपके दिसले. सालबाईने त्यांची साल काढली, एक निर्दोष निघालं, एक नाही. ते एक काढलं गेलं. या वेळी कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही. उपटायला कुदळ कुणाची चांगली, यावर मात्र कडाक्याचं भांडण झालं.

बांधावर रिकाम्या राहिलेल्या जागेकडे आई रोज बघायची. एक दिवस तिने फर्मान काढलं, तिथे नवी नासपती हवी, आणि सालबाईने तपासल्याशिवाय ती आत येता कामा नये. सालबाईने रोपवाटिकेत जाऊन, ज्या मातृवृक्षावरून कलमं बांधली होती त्याचीच साल आधी काढली, मग रोपाची. दोन्ही स्वच्छ. पाणीही स्वच्छ.

लावणीच्या दिवशी खड्डा तयार होता. आईने काठी वर करून सालबाईकडे रोखली.

"तू लाव."

"मी?" सालबाई दचकली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत तिने हजारो झाडांचं काही ना काही काढून आणलं होतं, पण जमिनीत लावलं एकही नव्हतं. रोप हातात घेऊन ती खड्ड्याशी वाकली.

"कलमाची गाठ मातीच्या वर ठेवा!" थोरला ओरडला.

"सरळ धरा, सरळ! डावीकडे झुकतंय!" धाकटा ओरडला.

"उजवीकडे झुकतंय," थोरला म्हणाला.

"अहो, एकजण बोला!" सालबाई म्हणाली. तिचा चष्मा डोक्यावरून घसरून खड्ड्यात पडला. नवऱ्याने तो काढून, आपल्या सदऱ्याला पुसून, तिच्या नाकावर बसवला. मग तिने दोन्ही हातांनी माती ओढली आणि रोपाच्या बुंध्याशी हलकेच दाबली. आई पुढे सरकली, तिने काठीच्या टोकाने माती चाचपून पाहिली, आणि म्हणाली, "अजून थोडी दाब. वारा असतो इथे."